माझ्या धाकातलं पोर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, पुढं हसायला जागा सापडेल न सापडेल. फजिती झाली की लोक ती झाकून ठेवतात, हो ना? मी काय केलं असेल? मी ती होण्याआधीच पारावर बसून, छाती पुढं काढून, अख्ख्या वाडीला सांगून टाकली! तेव्हा मला वाटत होतं की मी माझा पराक्रम सांगतोय.

आता आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी तेव्हा मुंबईला गिरणीत, साचेखात्यात होतो. साचा म्हणजे माग. एका शेडमध्ये शेकडो माग एकदम सुरू, खडाखड, खडाखड! शेजारच्याच्या कानात तोंड घालून बोंबललात तरी त्याला फक्त तुमचे दात दिसायचे. मग बोलायचं कसं? हातांनी. धागा तुटला, की दोन बोटं अशी झटकायची. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येतोय, की मिशीला पीळ द्यायचा. चहा पाहिजे, की अंगठा तोंडाकडं. अहो, हातांनी आम्ही भांडायचो सुद्धा!

आणि एक खूण होती, ती मात्र कुणी थट्टेत करायचं नाही. दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मनगटावर मनगट आडवं ठेवायचं आणि एकदम खाली ओढायचं. म्हणजे साचा बंद करा, कुणाचा तरी हात सापडलाय. ही खूण दिसली की आधी माग थांबवायचा, कोण, कुठं, कसा हे नंतर.

पंधरा वर्षं असं काढल्यावर माझे हात आपोआप बोलायला लागले होते. तोंडानं 'मीठ दे' म्हणायचो आणि हात मीठ मागायचे. आवाज तर असा, की मी घरात कुजबुजलो तरी गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. पण ह्यातलं काही मला ठाऊक होतं का? छे! आपला आवाज आणि आपले हात, आपल्याला कधी दिसतात काय?

तर त्या साली गिरणी बंद पडली, आणि मी बोचकं बांधून गावी आलो. धरमतरपर्यंत बोट, पुढं महाडपर्यंत मोटार, पोलादपूर, आणि तिथून चालत आमची वाडी, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. दीड-दोन वर्षांतून एकदा येणारा बाप एकदम मुक्कामाला आला. घरात बायको, नऊ वर्षांचा तुका आणि सहा वर्षांचा भिवा.

पहिल्याच दिवशी बायकोनं मला चुलीपाशी गाठलं.

"अवो, भिवाला ऐकू येत नाय."

"म्हंजे?"

"गेल्या पावसात तापानं फणफणला होता ना, पत्र धाडला होता तुमाला? सात दिस डोला नाय उघडलान. तवापास्नं कानावर काय पडत नाय तेच्या. बोलायचा पन सुटला. महाडला डाक्तर हाय, तेला दाखवू या. उशीर केला तर हाय ता पन जायचा."

एवढं सरळ, स्वच्छ सांगितलं तिनं. मला पुढं कधी म्हणता येऊ नये की कुणी सांगितलं नव्हतं.

मी ओटीवर आलो. भिवा अंगणाच्या पार त्या टोकाला, माझ्याकडं तोंड करून चिंचोके खेळत होता. मी हाक मारली, "भिव्याऽऽ! इकडं ये! येताना तांब्या घेऊन ये!"

पोरगं उठलं, तांब्या उचललान आणि पळत माझ्यापुढं हजर!

"काय गो," मी आत वळून म्हणालो, "बहिरा हाय ना हा?"

बायको दारात येऊन बघत राहिली. मग पोर पाठमोरं असताना तिनं हाक मारून बघितली. एकदा, दोनदा, तीनदा. भिवा ढिम्म! मी काय अर्थ काढला असेल? मी म्हणालो, "तुझा धाक नाय तेला. लाडावून ठेवलास. माझ्या एका हाकेत आला की नाय?"

अहो, हाक कुठली! 'इकडं ये' म्हणताना माझा हात पाण्यात बुडणाऱ्याला बोलवावं तसा हलला होता, आणि 'तांब्या' म्हणताना बोटांनी तांब्याचा गळा धरला होता. पोरानं ते बघितलं. वर्षभर त्याच्याशी सगळे नुसते ओठ हलवत होते, आणि आता मुंबईहून असा एक माणूस आला होता की ज्याचं अंगभर बोलणं त्याला दिसत होतं. त्यामुळं पोरगं माझ्यामागं शेपटासारखं फिरायला लागलं. आणि मी ह्याला धाक म्हणत होतो.

संध्याकाळी मी त्याला गिरणीतल्या गमती करून दाखवायचो. जॉबरची मिशी, तुटलेला धागा, सगळं. मग एक खेळच काढला आम्ही. मी साचा व्हायचो, खडाखडा दोन्ही हात चालवत त्याच्या अंगावर जायचो आणि त्याचा हात पकडायचो. पोरगं खिदळायचं, आणि मनगटावर मनगट ठेवून ती खूण करायचं. की मी जागच्या जागी बंद! कितीही जोरात असलो तरी बंद. दहा वेळा करायचा, दहा वेळा मी थांबायचो. केवढा आनंद व्हायचा त्याला!

इथं तुका आडवा आला. हा थोरला सारखा धाकट्याला टोचायचा. जेवायला बसलो की खांद्यावर टप्पल, वाटेनं चाललो की सदरा ओढ. मी म्हणालो, "का रे सतावतोस तेला?"

"बा, तेला समजत नाय, म्हनून मी..."

"तू वकील लागून गेलास काय तेचा? खबरदार परत अंगाला हात लावलास तर. हात मोडून ठेवीन."

तुका माझ्या वळणाचा, शब्दाचा पक्का. त्यानं त्या दिवसापासून भावाला बोट लावलं नाही. आता मागून बैल आला, गाडी आली, आईनं हाक मारली, तर भिवाला सांगणार कोण? पोरगं दोनदा बैलाच्या पायाखाली येता येता वाचलं. मी काय म्हटलं? "बघ, किती हट्टी हाय! बाजूला होत नाय!"

मग मी पारावर गेलो. तिथं धोंडूतात्या, आमच्या वाडीतले जुने जाणते, विडी ओढत बसले होते. म्हणाले, "तुझ्या पोराचा कान गेला म्हनं?"

"कान?" मी हसलो. "तात्या, बघा आता." समोरच्या खळ्यावर भिवा उभा होता. मी उठून गरजलो, "भिव्याऽऽ! काठी आण! पळत!" पोरगं काठी घेऊन पळत आलं. "आता मांडी घालून बस!" बसलं. "ऊठ!" उठलं. पारावरची माणसं माना डोलवायला लागली. वा! बाप असावा तर असा! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि बायको? तिला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायांनी गाठली. "काय गो, चांगल्या पोराला बहिरा म्हनतेस? घोवानं तर दोन दिसात सरल केलान." ती घरी आली, हंडा उतरवलान. महाडच्या डॉक्टरचं नाव परत तिच्या तोंडून निघालं नाही. मला वाटलं, पटलं तिला.

आता खरी शर्थ ऐका. मी त्याला शाळेत घातला. शाळा देवळात भरायची, मास्तर महाडचे, शुद्ध बोलणारे. त्यांनी पोराकडं निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "याच्या कानांत काही दोष नाही ना? मी बोलावलं तर बघतही नाही माझ्याकडे."

काय चांगला माणूस! सोन्यासारखा प्रश्न विचारला त्यानं. आणि मी?

मी म्हणालो, "दोष कानात नाय मास्तर, अंगात हाय. माझ्यापुढं कसा सुतासारखा सरळ असतो. आईनं लाडावलाय. तुम्ही छडी हातात ठेवा. हाडं तेवढी शाबूत ठेवा, बाकी मी विचारायला येणार नाय."

"तुम्हीच म्हणता म्हणून," मास्तर म्हणाले.

"मीच म्हणतो," मी म्हणालो.

तिथून तीन आठवडे. पोरगं शाळेतून येताना हात काखेत दाबून यायला लागलं. एकदा भाताचा घास उचलेना. बायकोनं तळहात उघडून बघितले आणि पटकन पदराखाली घेतले, मला दिसू नयेत म्हणून. मला दिसले होते. मी म्हणालो, "शाळा अंगी लागतेय." असं बोललो मी. आता ते वाक्य आठवलं की मला उठून अंगणात फेरी मारावी लागते. थांबा, जरा चहा ओता.

हां. तर एके दिवशी दुपारी मास्तर स्वतः घरी आले. चेहरा लाल. ओटीवर बसायला सांगितलं तर बसेनात.

"तुमच्या मुलाला उद्यापासून पाठवू नका. मी मार देतो, ठीक आहे, पण हा मार खाताना रडत नाही, माफी मागत नाही, माझ्यासमोर उभा राहून मला अचकटविचकट खुणा करतो! सगळी मुलं बघत असतात. जितका मारावा तितक्या जास्त करतो!"

माझं डोकंच फिरलं. मास्तरांना शिवी? माझं पोर? मी कोपऱ्यातली काठी उचलली. भिवा दारात उभा होता, माझ्याकडं बघत.

"काय खूण करतो? दाखवा मला."

मास्तरांना लाज वाटली. इकडं तिकडं बघितलं. मग बिचाऱ्यानं छत्री काखोटीला मारली, दोन्ही हात डोक्यावर नेले, मनगटावर मनगट आडवं ठेवलं आणि एकदम खाली ओढलं.

मंडळी, मी काठी घेऊन तसाच उभा. दारात पोरानंही माझ्या हातातली काठी बघितली होती. त्यानंही दोन्ही हात वर नेले. सुजलेल्या तळव्यांनी तीच खूण. साचा बंद करा. हात सापडलाय.

तीन आठवडे माझं पोर मास्तरांना हे सांगत होतं. त्याला वाटत होतं, ही खूण केली की मोठी माणसं थांबतात. कारण त्याचा बाप थांबायचा. आणि मास्तर थांबले नाहीत तेव्हा त्याला वाटलं असेल, आपली खूण चुकतेय, अजून नीट करावी. म्हणून अजून नीट करायचा. आणि अजून मार खायचा.

काठी कधी खाली पडली मला कळलं नाही. मास्तरांना मी कसंबसं सांगितलं की ती शिवी नाही. खुणेचा अर्थ सांगितला. मास्तर मटकन ओटीवर बसले आणि आपल्याच हाताकडं बघत राहिले. छडीचा हात. त्या माणसाला मी आयुष्यभराचा घोर लावला, त्यांचा काहीएक दोष नसताना.

तुका खांबाआडून सगळं बघत होता. तो अगदी जवळ आला आणि म्हणाला, "बा, आता मी तेला हात लावू काय?"

मी मान हलवली. तुकानं जाऊन धाकट्याच्या खांद्यावर टिचकी मारली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. भिवा वळला. एवढंच होतं हो ते टोचणं! वर्षभर नऊ वर्षांचं पोर भावाचा कान झालं होतं, आणि तो कान मी आल्या आल्या बंद केला.

तरी माणसाची खोड बघा, मला अजून खात्री करायची होती. मी हात पाठीमागं घेतले. सुटले असते, म्हणून एका हातानं दुसरा घट्ट धरला. आणि नुसत्या तोंडानं बोललो, "भिवा, पाणी आण बाळा."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग वाकून माझ्या पाठीमागं बघायला लागला, हात कुठं गेले म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं पहाटेच निघालो, पोलादपूरला मोटार गाठली, महाडला गेलो. डॉक्टर भला माणूस. कपाळावर आरसा, हातात नळी. पोराच्या कानात डोकावला, पाठीमागून घंटी वाजवली, चिमट्यासारखं काहीतरी वाजवून कानापाशी धरलं. भिवा खिडकीतली चिमणी बघत होता.

"तापातच गेले दोन्ही कान," डॉक्टर माझ्यासमोर बसून म्हणाले. "त्याच आठवड्यात आणलं असतंत तरी वाचले नसते."

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं! म्हटलं, चला, माझ्यामुळं तरी गेले नाहीत. केवढं ओझं उतरलं! मग डॉक्टरनं पोराचे तळहात उलटे केले.

"आणि हे?"

कान गेले ते तापानं. हे माझ्यामुळं. एवढा मोठा आवाज माझा, घाटात घुमणारा, पण त्या खोलीत फुटला नाही.

डॉक्टर उठले, माझ्या मागच्या कपाटाकडं गेले, मलम काढायला. मी बसून राहिलो. जरा वेळानं बघतो तर बायको मला कोपरानं ढोसतेय, तुका माझ्याकडं बघतोय, आणि डॉक्टर मलम हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभे.

"मी तीनदा विचारलं तुम्हाला," ते म्हणाले. "कुठं नोकरीला असता?"

"गिरणीत. साचेखात्यात."

"किती वर्षं?"

"पंधरा."

डॉक्टरनं तो चिमटा परत उचलला आणि आता माझ्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांनी काय वाजवलं, किती वेळा वाजवलं, देव जाणे. पुढं येऊन म्हणाले, "डावा पार गेलाय. उजवा निम्मा शिल्लक आहे. तुमच्या लक्षात नाही आलं कधी?"

नाही आलं हो! मला वाटायचं, मुंबईच्या मानानं आमच्या वाडीतली माणसं जरा पुटपुटतात.

"घरात ह्या दोघांचं चालतं कसं?" डॉक्टरनं बायकोला विचारलं.

"त्या दोघांचंच तेवढं बरं चालतं," ती म्हणाली. "हाल माझे नि तुकाचे." आणि वर्षभरात पहिल्यांदा हसली. मग पदर तोंडाला लावलान आणि रडली.

परतीच्या मोटारीत गर्दी होती. बाजार करून निघालेली माणसं, टोपल्या, कोंबड्या. भिवा माझ्या मांडीवर, हातांना पट्ट्या. आणि माझ्या मनात एकच, की ह्याला सांगायचं कसं? धागा तुटला ह्याची खूण मला येत होती. चहाची येत होती. पण मी चुकलो, ह्याची खूण? पंधरा वर्षं गिरणीत काढली, ती खूण तिथं कुणी कुणाला केलेली मी बघितली नव्हती. जॉबर तर जन्मात करायचा नाही.

शेवटी मी काय केलं, मी माझे दोन्ही कान धरले. भर मोटारीत! मिशीवाला बाप्या, मांडीवर पोर, आणि स्वतःचे कान धरून बसलाय. पुढचा एक जण हसला. हसू दे. मी कान सोडले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसायला हात मोकळा नव्हता.

भिवानं माझ्याकडं बघितलं. कान धरणं म्हणजे काय, हे त्या पोराला कोण शिकवणार होतं? सकाळपासून त्यानं डॉक्टरला आपल्या कानात डोकावताना बघितलं होतं, मग माझ्या कानामागं चिमटा धरताना बघितलं होतं. त्यानं आपल्या परीनं ठरवलं की बाचे कानही आपल्यासारखेच बंद पडलेत, आणि तसल्या कानाशी तोंड नेऊन लोक ओरडतात हे त्यानं वर्षभर बघितलं होतं. माझे हात हळूच बाजूला केलान, मांडीवर उभा राहिला, पट्टी बांधलेल्या हातानं माझं डोकं धरलान, तोंड डाव्या कानाशी आणलं, आणि छातीतून सगळा जोर काढून ओरडला.

टोपल्या पडल्या. कोंबड्या फडफडल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. सगळी माणसं वळून आमच्याकडं बघायला लागली. पुढच्या बाकावर तुकानं भावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आईच्या कुशीत तोंड लपवलं.

मी बायकोला विचारलं, "काय झालं गो?"

ती उठून माझ्या उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, "बा म्हनाला तो. तुमाला हाक मारलान."

वर्षानं फुटलेला पहिला शब्द, मंडळी. अख्ख्या मोटारीनं ऐकला. ज्यांना तो ऐकू आला नाही असे आत दोघंच होतो. एक ओरडणारा, आणि एक ज्याला हाक मारली तो.